आमची वाटचाल : अरेका मागितली, पोफळ पोचली

आमचं घर श्रीवर्धनला, पोफळीच्या वाडीत. बाबा रोठा सुपारीची रोपं करून विकायचे. शोभेच्या पामांकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. अलिबागकडच्या एका फार्महाऊसवरून फोन आला, "अरेकाची दोनशे रोपं पाठवा." पोफळीचं शास्त्रीय नाव अरेका, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. टेम्पो भरून पोफळ गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली. त्यांना हवा होता मादागास्करचा, बुडापासून झुबक्यानं वाढणारा, पिवळसर देठांचा पाम. बाजार त्याला अरेका म्हणतो, वनस्पतिशास्त्र म्हणत नाही. बाबांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, पण भाडं आमच्या खिशातून गेलं.

तेव्हापासून गिऱ्हाइकानं नाव सांगितलं तरी आम्ही झाडच विचारतो. खोड एक की झुबका? 'फिशटेल' मागणाऱ्यालाही तेच. आपला भेरली माडही फिशटेलच, पण एका खोडाचा. वरून खाली पोया (फुलोरे) टाकत येतो आणि शेवटची पिकली की मरतो. झुबक्यानं वाढणारा फिशटेल वेगळा, त्याचं एक खोड गेलं तरी बाकीची राहतात. दोन्हींच्या फळांच्या गरानं अंग खाजतं. पोहण्याच्या तलावाशेजारी लावायला आम्ही दोन्ही देत नाही, मग गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

खरा महाग पडला तो बॉटल पाम. बाहेरून आणलेली रोपं एका बंगल्याच्या वाटेला दुतर्फा लावून दिली. सात-आठ वर्षांनी मालकीणबाईंनी फोटो पाठवला: बाकीच्यांच्या खोडाचं पोट, म्हणजे फुगवटा, बुडाशी, तिघांचं मध्यावर. ते तीन स्पिंडल पाम निघाले. दोघं जवळचे भाऊबंद, बॉटल मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, स्पिंडल रॉड्रिग्ज बेटाचा. लहानपणी देठ बघावा. बॉटलच्या कोवळ्या देठाच्या कडा तांबूस-नारिंगी, स्पिंडलच्या देठामागे पिवळसर पट्टा. मात्र सावलीत वाढलेल्या रोपावर रंग फसवतात. ती तीन झाडं आम्ही पदरच्या पैशांनी बदलून दिली. आता मूळ झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बी घेत नाही.

रॉयल पामचंही तसंच. क्यूबाच्या रॉयलची पाती चहूबाजूंना वळतात, झावळी पिसाऱ्यासारखी दिसते. त्याच्याहून उंच जाणाऱ्या कॅरिबियन रॉयलची पाती बरीचशी एका पातळीत राहतात. रांगेत एक जरी दुसरा घुसला तरी रांग बिघडते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, शेडनेट उडालं. पिशव्यांतली रोपं बरीच वाचली, पण नावांच्या पाट्या गेल्या आणि सगळ्या रांगा एकमेकींत मिसळल्या. वीज नव्हती, फोन लागत नव्हता. आई, बायको आणि मी अंगणात पाट टाकून एकेक पिशवी हातात घेत बसलो. आईनं कधी लॅटिन नाव उच्चारलं नाही, पण माझ्या तिप्पट रोपं तिनंच ओळखली. विरी, म्हणजे झावळीचं बूड, खोडाला कशी गुंडाळते ते बघून, देठावर अंगठा फिरवून ती पिशवी डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायची. जी कळली नाहीत ती विकली नाहीत, मागच्या बांधावर लावून टाकली.

त्यातल्या एकाचं पोट गेल्या वर्षी दिसायला लागलं. मध्यावर.