अपडेट ७ : अंडं सरळ घरंगळत नाही

परवा रात्री माझ्या स्टॉप-मोशन फिल्मचा (बाहुल्या किंचित हलवून एकेक फोटो, म्हणजे फ्रेम, काढायची आणि मग ओळीने चालवायच्या) शॉट १४ सलग चालवून पाहिला आणि लॅपटॉप मिटून सरळ झोपायला गेलो. ३६ फ्रेम, ३ सेकंद, दोन रविवार. रोझी या बाहुलीच्या हातून ईस्टरचं अंडं निसटतं आणि उतारावरून गटाराकडे पळतं, एवढंच. फ्लिकर, म्हणजे फ्रेमागणिक उजेड बदलून होणारी लुकलुक, नाही (खिडकीला काळं कापड लावा म्हणणाऱ्यांना साष्टांग), बाहुल्यांच्या आतले तारेचे सांगाडे जागेवर. तरी अंडं काही अंडं वाटेना. रंगवलेला चेंडू वाटत होता.

आधी फिरण्यावर संशय. परीघ १३.२ सेंमी, १२ फ्रेमला एक फेरा, म्हणजे दर फ्रेमला ३० अंश आणि १.१ सेंमी. पेन्सिलीच्या खुणा मोजल्या, बरोबर होत्या. मग पहिल्या सहा फ्रेम अर्ध्या पावलाने नव्याने काढल्या. पुन्हा चेंडूच. त्यात इंदूरचा मार्च. पंखा लावला की कागदी गवत डोलतं, बंद केला की दुपारी अंड्याखालची पुट्टी मऊ पडते आणि मी रिमोट दाबेपर्यंत अंडं हळूच कलतं. ती महागडी पुट्टी कुणी घेऊ नका. आता पहाटे पाच ते साडेसात शूटिंग, त्याने ते कलणं तरी थांबलं.

कोडं सोडवलं आईने. आमच्या स्वयंपाकघरात अंड्याला बंदी, त्यामुळे सगळा साठा गॅलरीत. ती वाळलेले कपडे काढायला आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, ओट्यावर पेला आडवा पडला की गोल फिरतो ना? एका बाजूने निमुळता असतो म्हणून. मग हे का रेल्वेसारखं सरळ पळतंय?"

गॅलरीच्या फरशीवर एक खरं अंडं सोडून पाहिलं. निमुळतं टोक आत ठेवून ते ऐटीत वळलं. तिसऱ्या वेळी माझ्याच अंगठ्याला येऊन टेकलं! फोनवर चित्रण करून ठेवलंय, संदर्भ म्हणून.

म्हणजे गटार रद्द. (खरं शेवाळ लावलेलं गटार, अपडेट ४ मध्ये केवढं मिरवलं होतं.) उतारही रद्द. आता सपाट अंगण, दोरा आणि खडूने आखलेला कंस, आणि अंडं फिरून रोझीच्या धाकट्या भावाच्या पायाशी. रडारडीचा अख्खा प्रसंगच टळला. खरं सांगायचं तर पोरांच्या फिल्ममध्ये तो मला आधीपासून खुपत होता.

एक गोष्ट मात्र झकास जमली: रंग. कांद्याच्या साली अर्धा तास उकळल्या, गाळून थोडं व्हिनेगर घातलं, त्यात अंडी. असा खोल तांबूस तपकिरी रंग पोस्टर कलरने सात जन्मांत आला नसता. अ‍ॅपमधली ओनियन स्किन (आधीची फ्रेम पुसट दाखवणारी सोय) आणि पातेल्यातली, दोन्ही एकाच दिवशी वापरली.

वेळ मात्र कमी आहे. मागच्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता, माझ्या डोक्यात तेच बसलेलं. यंदा हनुमान जयंतीची पौर्णिमा २ तारखेला, म्हणून ईस्टर (तो वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो) लगेच रविवारी, ५ एप्रिलला. त्या दिवशी व्हाइट चर्चची प्रार्थना आटोपून शेजारची पोरं गच्चीवर येणार आहेत, चादरही धुऊन ठेवलीय पडद्याला.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: कंस दिसायचा तर कॅमेरा वरून हवा. पंखा तसाही बंदच असतो. तो उतरवून त्याच्या हुकाला फोन टांगलाय का कुणी?