म्हसरूळचे चौदा गुलाब आणि तीन ऑक्टोबर

नाशिकजवळ म्हसरूळला आम्ही घर घेतलं तेव्हा अंगणासकट चौदा गुलाब आमच्याकडे आले. आधीचे मालक सत्तरी ओलांडलेले काका. ते मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते. किल्ल्या देताना त्यांनी मोटरचं बटण दाखवलं, टाकी किती वेळात भरते ते सांगितलं आणि गुलाबांपाशी येऊन थांबले. "ऑक्टोबरात छाटा, हात आखडू नका," एवढंच म्हणाले आणि रिक्षात बसले.

मी ऑक्टोबरपर्यंत थांबले नाही. मे महिन्यात ती झाडं बघवत नव्हती. पानं विरळ, फांद्या एकमेकींत अडकलेल्या, मधेच वाळलेले तपकिरी दांडे. जूनच्या शेवटी दोन चांगल्या सरी पडून गेल्या आणि मला वाटलं, आता जमीन ओली आहे, झाड लवकर सावरेल. जास्वंद आणि कडीपत्ता आपण पावसाच्या तोंडावर छाटतोच, तेच मी गुलाबांना लावलं. घरातली फांद्या तोडायची जुनी कात्री घेतली आणि एका दुपारी जवळजवळ सगळी झाडं कमरेइतकी आणून ठेवली. फाटकावरून गेलेल्या उंच झाडाला तेवढा हात पोचला नाही, म्हणून ते वाचलं.

पंधरा दिवसांत कोवळी लालसर फूट आली आणि मी खूश झाले. मग पाऊस लागला तो थांबेचना. नव्या पानांवर काळे ठिपके पडले, पानं पिवळी होऊन गळू लागली. त्याहून वाईट म्हणजे जिथे कापलं होतं तिथून फांद्या काळ्या पडत खाली वाळत निघाल्या. याला डायबॅक म्हणतात हे मला नंतर कळलं. कापलेली जागा म्हणजे उघडी जखम, आणि हवेत कायम ओल असली की बुरशीला आत शिरायला तेच दार. माझ्या बोथट कात्रीने फांद्या कापल्या कमी आणि चिरडल्या जास्त होत्या, त्यामुळे जखमा भरून यायलाही वेळ लागत होता. गणपतीपर्यंत दोन झाडं बुडापर्यंत गेली. बारा उरली.

त्यामुळे पहिल्या ऑक्टोबरात मी कात्रीला हातच लावला नाही. "छाटलंच नाही तर काय होतं?" असं मला आता कुणी विचारलं तर मी त्याच वर्षाचं उत्तर देते. झाड मरत नाही. फुलंही येतात. पण गुलाबाची फूट सगळ्यात आधी शेंड्याकडच्या डोळ्यांतून, म्हणजे काडीवरच्या कोंबाच्या जागांतून, निघते. मागच्या वर्षीच्या बारीक काडीवर त्याहून बारीक काडी येते आणि तिच्या टोकाला फूल. थंडीत माझी झाडं डोक्याच्या वर गेली, खाली नुसते उघडे दांडे आणि वर रुपयाएवढी फुलं. माझ्या सासूबाईंना देवासाठी फुलं लागतात, त्यांना स्टूल घ्यावं लागायचं. रानातला गुलाब स्वतःच हा प्रश्न सोडवतो, बुडातून नवे जाड दांडे काढतो आणि जुने वाळवून टाकतो. पण त्याला त्यासाठी वर्षं लागतात आणि पसरायला जागा लागते. अंगणातल्या कलमी झाडाला ते काम आपण करून द्यावं लागतं. छाटायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथे संपला. कधी आणि किती, एवढंच शिकायचं राहिलं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोहाडीचा मामा आला. त्याची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षाच्या ऑक्टोबरातल्या फळछाटणीच्या, दिवसांत तो सहसा कुणाच्या घरी टेकत नाही. मी त्याला गुलाब दाखवले. त्याने झाडांआधी आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस पुरता उघडू दे. परतीचा अजून गेला नाही."

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर त्याच्या मनातून जात नाही. लवकर छाटलेल्या बागा तेव्हा अवकाळी पावसात सापडल्या आणि घड जागेवर कुजले. कोवळी फूट आणि पाऊस एकत्र येऊ द्यायचे नाहीत, हे नाशिककडच्या द्राक्षवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी जूनमध्ये नेमकं तेच केलं होतं. मामा म्हणाला, आत्ता फक्त पाणी कमी कर, आठवडाभर ताण बसू दे.

दहा दिवसांनी पंचवटीतल्या मार्केट यार्डातलं काम उरकून तो पुन्हा आला, या वेळी स्वतःचं सिकेटर घेऊन. ज्याचं एक पातं दुसऱ्याला घासून जातं आणि स्वच्छ काप देतं, तसं. माझी कात्री त्याने बाजूला ठेवायला लावली. पात्यांना स्पिरिट लावून पुसलं आणि पुढे प्रत्येक झाडानंतर पुसत राहिला.

मी विचारलं, "कितव्या डोळ्यावर कापायचं?" द्राक्षांमुळे हे शब्द माझ्या कानावर लहानपणापासून आहेत.

"इथं डोळे मोजायचे नसतात गं," मामा म्हणाला. "द्राक्षाचा घड काडीत आधीच असतो. एप्रिलच्या छाटणीनंतर उन्हाळ्यात तो डोळ्यात तयार होतो. म्हणून तर ऑक्टोबरच्या आधी आम्ही काड्या तपासून आणतो. डोळा चुकला की फूट वांझ. तुझ्या गुलाबाचं फूल आत तयार नसतं. नवी फूट निघाली की तिच्या शेंड्यावर ते येतं. चांगल्या जाड काडीवर कुठंही काप, फूल येणार."

दीड वर्ष जी भीती घेऊन मी फिरत होते ती या चार वाक्यांनी गेली. मला वाटायचं की एक नेमकी जागा आहे आणि ती चुकली की वर्ष वाया.

मग काम सुरू झालं. सुरुवात उंचीपासून करायची नाही, हे मला नवीन होतं. आधी मेलेलं काढायचं. तपकिरी, काळी फांदी मागे मागे कापत जायचं, कापलेल्या जागी आतला गर पांढरा दिसेपर्यंत. गर तपकिरी दिसला म्हणजे रोग अजून खाली आहे. मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या गेल्या. मग एकमेकींना घासणाऱ्या दोघींपैकी एक, आणि मधोमध आत शिरणाऱ्या सगळ्या. एवढं झालं तेव्हा निम्मं झाड जमिनीवर होतं आणि उंचीला अजून हात लावलेला नव्हता. मधला भाग मोकळा झाला की वारा खेळतो, पानं लवकर सुकतात आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, कमी येते.

उंचीसाठी मी पुण्याला काकांना फोन लावला, कारण कुठलं झाड कोणतं हे त्यांनाच माहीत. त्यांना सगळी झाडं जागेवरून आठवत होती. तुळशीशेजारची तीन ग्लॅडिएटर, मोठ्या फुलाची. ती गुडघ्याच्या जरा वर, दीड-दोन फुटांवर आणायची आणि चार-पाच जाड दांडे ठेवायचे. भिंतीजवळची क्वीन एलिझाबेथ. तिचा स्वभावच उंच वाढायचा, तिला तीन फुटांच्या खाली नेऊ नका. पायरीपाशी पांढरा आइसबर्ग. तो घोसाने फुलतो, त्याचा वरचा तिसरा हिस्सा काढला तरी पुरे. कुंडीतले छोटे मिनिएचर फक्त गोलसर करून घ्यायचे. आणि मागच्या दारचा गावठी सुवासिक गुलाब, ज्याच्या पाकळ्यांचा काकू गुलकंद करायच्या, त्याची जुनी लाकडं तेवढी काढायची, बाकी त्याच्या मनाप्रमाणे.

प्रत्येक काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. डोळा बाहेर बघत असेल तर फूट बाहेर जाते आणि मधला भाग पुन्हा भरत नाही, हे मला पटलं आणि मी ते पाळते. उताराच्या कोनाबद्दल मात्र मी आता जीव टाकत नाही. इंग्लंडमधल्या रॉयल नॅशनल रोज सोसायटीने कुंपण कापायच्या यंत्राने गुलाब सरसकट छाटून पाहिले होते, आणि त्या झाडांना निगुतीने छाटलेल्या झाडांइतकीच चांगली फुलं आली. पण आपल्याकडच्या ओलीत दोन झाडं गमावल्यावर मी दोन गोष्टींत तडजोड करत नाही: पात्याची धार आणि कापल्यावरची पेस्ट.

मामाने कापांवर लावायला बोर्डो पेस्ट केली, बुरशी रोखणारी. बागेसाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण. आमच्या बारा झाडांना शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी भरपूर झालं. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडी भांड्यात कधीच नाही. चुना वेगळा विरघळवायचा आणि मग दोन्ही एकत्र. तयार झाल्यावर त्याने त्यात एक स्वच्छ खिळा बुडवला. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून घालायचा. खिळा तसाच राहिला, मग जुन्या रंगाच्या ब्रशने प्रत्येक कापावर निळसर बोट उमटवत आम्ही संध्याकाळ केली. पुढच्या वर्षी एकटीने एवढा घाट घालणं जमेना, तेव्हा मी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पूड पाण्यात घट्ट कालवून लावली. त्यानेही काम झालं.

एका ग्लॅडिएटरच्या बुडातून फिकट हिरवा, सरळसोट दांडा निघाला होता, बाकी झाडाच्या दुप्पट जोमाचा. मला तोच सगळ्यात चांगला वाटत होता. मामाने माती उकरून दाखवलं, तो कलमाच्या गाठीच्या खालून आला होता. म्हणजे तो खुंटाचा, ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या झाडाचा, आपल्या गुलाबाचा नव्हे. ठेवला तर तोच सगळं खाऊन वाढतो आणि वरचं वाण मरतं. सात पानांची फांदी म्हणजे खुंट असं लोक सांगतात, पण चांगल्या वाणांनाही कधीकधी सात पानं येतात. खरी खूण म्हणजे तो कुठून निघाला ती जागा. कात्रीने कापला तर पुन्हा फुटतो, म्हणून हातमोजे घालून तो खाली ओढून मुळापासूनच उपटायचा.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगले. तेव्हा बुडाभोवती आळी करून प्रत्येक झाडाला घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घातली, आणि पाणी पूर्ववत केलं. छाटणी २४ ऑक्टोबरला झाली होती. पहिलं ग्लॅडिएटर उमललं १० डिसेंबरला, सत्तेचाळीसाव्या दिवशी. तळहाताएवढं, आणि नाशिकच्या थंडीमुळे आठवडाभर झाडावर टिकलेलं. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. मोहाडी-जानोरीकडचे पॉलिहाऊसवाले १४ फेब्रुवारीचा माल गाठायला डिसेंबरच्या अखेरीपासून उलटे दिवस मोजतात ते याच हिशेबाने. सासूबाईंचं स्टूल आत गेलं.

त्या यशात मी एक चूक केली. मामा गेल्यावर फाटकावरचं झाड तेवढं राहिलं होतं. उंच, पसरलेलं, लाल फुलांचं. हात बसला होता, म्हणून ते मी एकटीने ग्लॅडिएटरसारखंच गुडघ्यापर्यंत आणलं. डिसेंबरात अंगणभर फुलं आणि त्या झाडावर एकही नाही. नुसते लांबलचक हिरवे दांडे. काकांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ती वेल आहे. मोठ्या फुलाच्या गुलाबाची वेलीसारखी वाढणारी जात. तिची फुलं जुन्या लांब दांड्यांच्या बाजूच्या फुटीवर येतात. तुम्ही दांडेच काढलेत." रागावले नाहीत, पण ती वेल काकूंनी लावली होती हे मला तेव्हा कळलं.

म्हणून तिसऱ्या ऑक्टोबरात वेलीचा एकही लांब दांडा कापला नाही. वाळलेलं काढलं, बाजूच्या आखूड काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणल्या आणि पाच मोठे दांडे फाटकाच्या कमानीवर, भिंतीच्या तारेवर आडवे वाकवून सुतळीने बांधले. दांडा उभा असला की शेंड्याचाच डोळा जोर धरतो आणि खालचे झोपून राहतात. आडवा केला की मधले डोळेही जागे होतात. मामाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मांडवावर काडी बांधतो ती दुसरं काय असते?"

नोव्हेंबरच्या शेवटी एकेका दांड्यावर सात-आठ ठिकाणी लाल कोंब दिसले. डिसेंबरात फाटकाची कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली. मी फोटो पुण्याला पाठवला. काकांचा लगेच फोन आला. फुलांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. विचारलं, "सुतळी आवळून बांधलीय का? दांडा जाड होतो, सुतळी सालीत रुतेल. इंग्रजी आठचा आकडा करून सैल बांधा, एक फेर दांड्याला, एक तारेला."

त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन मी पाचही दांड्यांच्या गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.