‘प्राइडमध्ये राजकारण नको’ हे कोणाला परवडतं?

१० जानेवारी २०२० या एकाच दिवशी देशात दोन कायदे लागू झाले. एक नागरिकत्व सुधारणा कायदा. दुसरा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. दुसऱ्याचं नाव हक्कांचं असलं, तरी त्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा होती सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. राज्यसभेने हा कायदा मंजूर केला तो दिवसही लक्षात ठेवण्यासारखा आहे: २६ नोव्हेंबर २०१९, संविधान दिन.

हे कायदे लागू झाल्यावर बरोबर २२ दिवसांनी, १ फेब्रुवारीला, मुंबईचा प्राइड होता, म्हणजे क्विअर (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) समाजाचा दरवर्षीचा मोर्चा. ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा निघायचा होता. त्याच मैदानावर डिसेंबरमध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध प्रचंड गर्दी जमली होती. पोलिसांनी परवानगी नाकारली आणि कार्यक्रम आझाद मैदानात एका जागी उरकावा लागला. तिथे काही जणांनी नागरिकत्व कायद्याविरोधी भाषणांवरून नुकत्याच अटक झालेल्या शर्जील इमाम या विद्यार्थी कार्यकर्त्याच्या समर्थनार्थ घोषणा दिल्या. ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. त्यातल्या एका तरुण विद्यार्थी कार्यकर्त्याला सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, तो पुढे उच्च न्यायालयात मिळाला. आयोजकांनी घोषणांशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. आणि समाजात जिकडेतिकडे एकच वाक्य फिरू लागलं: प्राइडमध्ये राजकारण कशाला आणता?

घोषणा योग्य होती की नव्हती, यावर वाद घालता येईल. पण ‘राजकारण नको’ हे वाक्य तपासायलाच हवं, कारण त्या काळात नागरिकत्व सिद्ध करायच्या कागदपत्रांचा प्रश्न सर्वांत आधी तृतीयपंथीयांच्या गळ्याशी आला होता. आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला लागली. १९ लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली. त्यात सुमारे दोन हजार तृतीयपंथी होते, असं सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत म्हटलं होतं. कारण समजायला फार डोकं लागत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घराबाहेर काढलेल्या मुलीने १९७१ च्या आधीचा, आजोबांच्या नावाचा कागद आणायचा कुठून? दाखल्यावर नाव मुलाचं, हातातल्या ओळखपत्रावर बाईचं, आणि वडील हिला ओळख द्यायला तयार नाहीत. बापाच्या नावावर फ्लॅट, स्वतःच्या नावावर पासपोर्ट आणि आडनावावरून कोणी कधी काही विचारलं नाही, अशा माणसाला हे सगळं ‘राजकारण’ वाटतं. बाकीच्यांसाठी ते रेशनकार्ड असतं.

आयोजकांची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. मुंबईत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय मोर्चा निघत नाही. अर्जावर अर्जदाराचं नाव, पत्ता, मोबाइल, वेळ, मार्ग, माणसांचा अंदाज, ध्वनिक्षेपक, सगळं द्यावं लागतं. सोबत हमीपत्र. काही बिनसलं की पोलीस पहिला फोन सही करणाऱ्याला करतात. चुकतं कुठे, तर या भीतीबद्दल आधी कोणी बोलत नाही. मग ऐन वेळी घाबरलेला एकटा माणूस तासाभरात सगळ्यांच्या वतीने पत्रक काढून मोकळा होतो.

यावर उपाय आहेत. अर्जावर एकाऐवजी तिघा-चौघांच्या सह्या घ्या, आणि त्या अशांच्या घ्या ज्यांना घर, नोकरी आणि ओळखीचा वकील आहे. सिग्नलवर मंगती करणाऱ्या तृतीयपंथीला ‘समावेश’ म्हणून अर्जदार करू नका. तिच्यावर आधीच चार केसेस असू शकतात. गुन्हा दाखल झाला तर समूह काय करणार, हे कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी लिहून काढा. निवेदन कोण देणार, किती तासांनी, आणि कोणत्या परिस्थितीत अजिबात द्यायचं नाही. मैदानात दोन वकील हवेत, त्यांचा नंबर मनगटावर पेनाने लिहिलेला हवा, कारण पोलीस ठाण्यात गेल्यावर मोबाइल काढून घेतला की पाठ नसलेला नंबर उपयोगाचा नसतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५(३). मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१०० आहे, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. नोंदणीच्या फॉर्ममध्ये लागत नसलेली माहिती मागूच नका. जी यादी तुमच्याकडे नाही, ती कोणी मागू शकत नाही.

आता जात. क्विअर समाजात जात नसते, असं म्हणणाऱ्याने कोणत्याही डेटिंग ॲपवरचं दहा मिनिटांचं बोलणं वाचावं. “जागा आहे का?” हा पहिला प्रश्न. मुंबईत स्वतःची खोली असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मग “कुठे राहतोस?” त्यानंतर “पूर्ण नाव?” आणि आडनावातून उलगडा झाला नाही तर “गाव कुठलं?” आणि “म्हणजे तुम्ही नेमके कोण?” लग्नाच्या बैठकीत मुलीच्या काकांनी विचारावं तसं. उत्तर मिळालं की समोरचा गप्प होतो. ब्लॉक झाल्याचं कारण कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून ते सिद्धही करता येत नाही. ग्राइंडर या गे डेटिंग ॲपने २०२० च्या जूनमध्ये वंशानुसार माणसं गाळण्याची सोय काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे अशी सोय बनवावीच लागली नाही. आडनावाने ते काम केलं.

२०१५ साली मुंबईच्या एका वर्तमानपत्रात एका आईने मुलासाठी वर हवा अशी जाहिरात दिली. आईचं धैर्य मोठंच होतं, सगळीकडे कौतुक झालं. जाहिरातीत जातीची अट नाही म्हटलं होतं, आणि पुढे कंसात, अय्यर, म्हणजे तमिळ ब्राह्मण, असल्यास प्राधान्य. कौतुक करणाऱ्या बहुतेकांना तो कंस दिसलाच नाही. त्याच वर्षीच्या दिल्ली प्राइडमध्ये दलित क्विअर कार्यकर्त्यांनी आपली जात उघड सांगून भाषण केलं, तेव्हा मात्र ‘फूट पाडता’ असं ऐकवणारे खूप निघाले.

कोणती मागणी व्यासपीठावर जाते, हे बघितलं की बाकी सगळं कळतं. समलिंगी लग्नाच्या हक्काची सुनावणी देशाने थेट प्रक्षेपणात पाहिली, १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल विरोधात लागला, हळहळ झाली. ती खरी होती. पण समांतर आरक्षणाच्या, म्हणजे प्रत्येक जात-प्रवर्गाच्या आतच तृतीयपंथीयांना वाटा देण्याच्या, मागणीला त्या गर्दीच्या दशांशानेही लोक येत नाहीत, आणि बऱ्याच जणांना ती मागणी काय आहे हेच ठाऊक नसतं.

ती अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्या, असं सांगितलं. काही सरकारं याचा सोपा अर्थ लावतात: ओबीसीत टाका. त्यामुळे दलित किंवा आदिवासी तृतीयपंथीला एक ओळख सोडावी लागते. अनुसूचित जातीचा दाखला वापरला तर तृतीयपंथी म्हणून काही नाही. तृतीयपंथी म्हणून गेली तर जातीचा दाखला घरी ठेवायचा. तमिळनाडूच्या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू वर्षानुवर्षं हेच मांडत आल्या आहेत. कर्नाटकने २०२१ मध्ये नोकरभरतीत प्रत्येक प्रवर्गाच्या आत १ टक्का दिला. महाराष्ट्रातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना समांतर आरक्षण नवं नाही. महिलांचे ३० टक्के असेच चालतात, अनाथांचा १ टक्काही आहे. म्हणजे ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर पटण्यासारखं नाही.

मात्र आकडेमोड करून मागणी लिहायला हवी, नाहीतर हाती काही लागत नाही. हजार जागांची भरती धरा. अनुसूचित जातीच्या १३ टक्के म्हणजे १३०, त्याचा १ टक्का १.३, म्हणजे एक जागा. अनुसूचित जमातीच्या ७० जागांचा ०.७. शंभर जागांची जाहिरात असेल तर अनुसूचित जातीत ०.१३, म्हणजे शून्य. आणि अनेक जाहिराती शंभराच्या आतल्याच असतात. त्यामुळे निवेदनात फक्त ‘१ टक्का द्या’ लिहून भागत नाही. अपूर्णांक कसा धरणार, लहान भरत्यांचे अपूर्णांक साठवून पुढच्या भरतीत जोडणार का, उमेदवार न मिळाल्यास जागा त्याच प्रवर्गात राहणार का, वयाची आणि मैदानी चाचणीची अट काय, हे चार मुद्दे स्वतंत्र लिहावे लागतात. पुढच्या प्राइडच्या मागण्यांच्या पत्रकात लग्नाच्या ओळीखाली या चार ओळींना जागा ठेवा, आणि त्या माइकवरून मराठीत वाचा, दुपारी, गर्दी मैदानात असतानाच.