कोजागिरीचं चांदणं फोटोत दुपारसारखं का येतं?

कोजागिरीला गच्चीवरून लांब एक्स्पोजर देऊन फोटो काढला की आकाश निळं येतं, नारळाची झापं हिरवीगार, सावल्या काळ्याशार. बारीक तारे दिसले नाहीत तर रात्र आहे हे कुणाला पटणारही नाही. खोटं कॅमेरा बोलत नाही. चांदणं म्हणजे चंद्रावर आपटून आलेलं ऊनच, फक्त सुमारे चार लाख पटींनी मंद.

चार लाख पट म्हणजे साधारण साडेअठरा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). भर उन्हातलं गणित आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/१६, शटर १/१०० सेकंद. अ‍ॅपर्चर एफ/२.८ केलं की पाच स्टॉप भरून निघतात, आयएसओ ८०० केला की आणखी तीन. उरलेले साडेदहा शटरमधून काढायचे, म्हणजे जवळपास १५ सेकंद. सेन्सर तेवढा वेळ प्रकाश साठवत बसतो. डोळ्याला ही चैन नाही, तो अंधारातही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच साठवतो. बाहुली २ मिमीची ७ मिमी झाली तरी मिळतात जेमतेम साडेतीन स्टॉप.

खरं काम दृष्टिपटल करतं. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अंधारात दहाएक मिनिटांत हात टेकतात. मंद प्रकाशात बघणाऱ्या दंडपेशी मात्र अर्ध्या तासापर्यंत तल्लख होत जातात. पण त्या एकाच प्रकारच्या, त्यामुळे त्यांना रंग कळत नाही आणि लाल तर जवळपास दिसतच नाही. कुंडीतली लाल जास्वंद बघा. दिवसा पानांपेक्षा उठून दिसणारं फूल चांदण्यात पानांहून काळं पडतं. फोटोत ते लालच येतं.

आता व्यवहाराचं. ऑटोफोकस इथे भरकटतो; लांबच्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) मोठा करून फोकस लावा आणि मॅन्युअलवर टाका. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद, टायमर २ सेकंद. सगळ्यात जास्त फसवतो तो मागचा स्क्रीन: अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना काळपट फोटोही झगझगीत वाटतो आणि घरी कॉम्प्युटरवर तो बुडालेला निघतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, स्क्रीनचा ब्राइटनेस तळाला न्या. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. ‘रात्र’ हवी असेल तर नंतर एक-दीड स्टॉप उतरवा आणि व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा) ३५०० केल्विनच्या आसपास आणा, फोटो निळसर होईल. चांदणं खरं तर उन्हापेक्षा किंचित पिवळटच असतं, ते निळसर वाटतं ते आपल्याला. तरी निळाईचा अतिरेक नको, फोटो सिनेमाच्या पोस्टरसारखा होतो.

आणि चंद्र पाठीशी ठेवा. तो स्वतः भर उन्हात पडलेला दगड आहे, त्याला आयएसओ १००, एफ/११, १/१०० सेकंद पुरतं. डोळा आधी चंद्र, मग अंगण असं तुकड्यातुकड्यानं बघून जुळवून घेतो. १५ सेकंदांच्या एका फ्रेममध्ये चंद्राचा नुसता पांढरा गोळा होतो.