ग्रुपवर एवढं लांब कामून लिहिता? तुम्ही विचारलंत म्हणून

मागं मोंढ्यात सोयाबीन घालायला गेलो होतो तिथं एकानं विचारलं, मग सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्यावर दुसऱ्यानं विचारलं, आणि ग्रुपवर तर दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, की भाऊ तुम्ही एवढं लांबलचक कामून लिहिता, दोन ओळीत सांगा की, अन् वरून आम्हालाही "सविस्तर लिहा, सविस्तर लिहा" म्हणून मागं लागता. आपला व्हॉट्सॲप ग्रुप परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-सेलूकडच्या शेतकऱ्यांचा, सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, चारशेच्या वर माणसं, आणि मी त्याचा ॲडमिन, त्यामुळं एकदा नीट उत्तर देणं माझं काम आहे.

दोन वर्षांमागं सप्टेंबरात एका पोरानं तुरीचा फोटो टाकला. एकच झाड, शेंडा माना टाकलेला, खाली दोन शब्द, "काय मारू". अर्ध्या तासात चौदा उत्तरं आली आणि चौदाच्या चौदा औषधाची नावं. त्यात एक माझंही होतं, ते मला अजून लागतं. जमीन कशी, पाऊस कधी पडला, सगळं रान वाळायलंय की मधीच पट्टे पडायलेत, हे कोणीच विचारलं नाही, मीही नाही. त्या पोरानं दोन औषधं आणली, एकत्र केली, मारली. आठ दिवसांनी मी त्याच्या शेतातल्या आखाड्यावर गेलो तर निम्मी तूर उभ्या उभ्या वाळलेली. एक झाड उपटलं, विळ्यानं बुडापासून उभं चिरलं तर आत मुळापासून वर काळपट तपकिरी रेघ गेलेली. मर रोग. त्याची बुरशी जमिनीत असते, वर्षानुवर्षं राहते, मुळातून आत शिरते, वरून पानांवर काही मारलं तर तिथवर पोचतच नाही. त्याच रानात तिसऱ्या वर्षी तुरीवर तूर होती. फेरपालट करायची, पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लावायची, बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन 711 सारखं मर सोसणारं वाण घ्यायचं, हे सगळं पेरणीच्या आधीचं. फवारणीचा, मजुराचा सगळा पैसा मातीत गेला. त्यानं "तीन वर्षं झाली तूरच आहे" एवढं एक वाक्य जास्त लिहिलं असतं, नाहीतर आम्ही चौदा जणांतल्या एकानं तरी विचारलं असतं, तर तो पैसा वाचला असता.

आता दुसरी गोष्ट. ग्रुपवर एक काकू आहेत, त्यांना टाइप करता येत नाही, त्या बोलून पाठवतात. पहिल्यांदा त्यांचा आवाज आला तेव्हा दोन-तीन जण म्हणाले की व्हॉइस नको, लिहा. मी म्हटलं ऐका तर आधी. काकू म्हणतात, दोन एकर आहे, चार तास, म्हणजे ओळी, सोयाबीन अन् दोन तास तूर, वरचं रान चांगलं आहे, खाली नाल्याकडच्या कडेला तीन दिवस पाणी साचलं होतं, फक्त तिथलीच झाडं वाळायलीत, अन् बुडाजवळ खोडावर काळं पडलंय, वरचं खोड हिरवं आहे. एक मिनिटसुद्धा नाही. फोटो नव्हता तरी दहा मिनिटांत उत्तर देता आलं, हे साचलेल्या पाण्यानं येणाऱ्या करप्यासारखं वाटतंय, आधी चर काढा, पाणी बाहेर जाऊ द्या, बाकीचं नंतर बघू. मला लांब लिहा म्हणजे असं पाहिजे. पानभर नको, पण समोरच्याला रान दिसलं पाहिजे. किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन लावून बघा, तेसुद्धा आधी जिल्हा, तालुका, पीक विचारतात मग बोलतात. समोर बसून बोलताना आपण हे आपोआप सांगतो, फोन हातात आला की का गाळतो ते मला कळत नाही.

आखूड लिहायची सवय मला वाटतं जुन्या एसएमएसची असावी. इंग्रजी अक्षरात एका एसएमएसमधी 160 अक्षरं बसायची, देवनागरीत लिहिलं की 70, पुढं गेलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे, म्हणून आपण तोडून तोडून लिहायला शिकलो. आता तसं काही राहिलं नाही. तरी अजून "भाऊ", मग "आहात का", मग "एक विचारायचं होतं", मग "तुरीबद्दल", असे चार मेसेज येतात, चारशे फोन चारदा वाजतात, मधीच कोणी लातूरचा सोयाबीनचा भाव टाकतो आणि प्रश्न कुठं अन् उत्तर कुठं. एकदाच लिहा ना. पहिल्या ओळीत मुद्दा, खाली बाकीचं, म्हणजे ज्याला वेळ नाही त्यानं पहिली ओळ वाचावी आणि ज्याला करायचंय त्यानं "अधिक वाचा" दाबावं. आणि उत्तर देताना त्याच मेसेजला पकडून द्या, नुसतं खाली "हो" लिहिलं तर ते कोणाला होतं?

औषधाच्या बाबतीत तर मी हट्टच धरतो. "पंपाला 30 मिली" हे उत्तर मला चालत नाही. कोणता पंप? पाठीवरचा चार्जिंगचा, की पेट्रोलचा? दोघांचं प्रमाण वेगळं, पाणी वेगळं. 2017 ला यवतमाळकडं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हापासून मी कोणतंही नाव लिहिताना पाणी किती, कशात मिसळायचं नाही, तोंडाला काय बांधायचं, वारा असला तर थांबा, हे लिहितोच. लांब होतं. होऊ द्या.

आणि तारीख. गंगाकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, गावं ग्रुपवर आहेत म्हणून सांगतो. पावसाळ्यात दरवर्षी "जायकवाडीचे दरवाजे उघडले, सावध राहा" असा मेसेज फिरतो, त्याला ना तारीख ना वेळ, कधीकधी तो मागच्या सालचा असतो. धरणाला 27 दरवाजे आहेत, किती उघडले, किती फुटानं, किती क्युसेक, कधी, एवढं असलं तर काठावरचा माणूस ठरवतो की नदीतली पाण्याची मोटार आत्ता काढायची की सकाळी. नसलं तर एक जण घाबरून रात्री पाण्यात उतरतो आणि दुसरा खोटंच समजून झोपतो. 2018 च्या 1 जुलैला धुळ्याकडं राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आली अशा व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. पाच ठिकाणीसुद्धा लई झाली. कुठं, कधी, कोणी बघितलं हे ज्यात नाही ते पुढं पाठवायचंच नाही, मग ते कितीही घाईचं वाटलं तरी.

आखूड मला कुठं पाहिजे तर कोणाच्या घरी दुःखाची बातमी असली की. तिथं मी एक ओळ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन येतो. चारशे जणांनी तोच फुलाचा फोटो टाकला तर घरच्याला मयतीची वेळ काय कळवली होती ते वर सापडत नाही. धन्यवादाचंही तसंच, ज्यानं सांगितलं त्याला त्याच्या नंबरवर म्हणा, त्याला जास्त बरं वाटतं.

तुम्ही म्हणता एवढं वाचतं कोण. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसात लाईट रात्रीची असते, तुम्हाला माहीतच आहे. मागच्या हिवाळ्यात मी घाटेअळीवर चांगला दोन बोटं सरकवावं लागेल एवढा मेसेज लिहिला होता, किती अळ्या दिसल्या तर फवारायचं, पक्ष्यांना बसायला काड्या कशा रोवायच्या, सगळं. सकाळी एकाही माणसाचं उत्तर नव्हतं. मग नऊच्या सुमाराला एकाचा फोन आला, म्हणाला भाऊ रात्री दोनला रानातल्या पाण्याच्या दंडावर बसून वाचलं, बॅटरी पाण्यात पडली होती, मोबाईलच्याच उजेडात बसलो होतो, दोनदा वाचलं, आता काड्या तोडायलोय, एकरी किती रोवू ते परत सांगा.