ब्लूबेरी, लाटा आणि गॅप अ‍ॅफिडेव्हिट

इन्स्टाग्रामवरचे माझे ऑस्ट्रेलियातले फोटो बघून कॉलेजमधल्या काही ज्युनिअर्सनी मेसेज केलेत, "ताई, नुसतं सर्फिंग करत वर्षभर राहता येतं का गं तिकडे?" नाही येत. माझ्या वर्षातला मोठा हिस्सा कमरेला बादली बांधून ब्लूबेरी तोडण्यात गेला, थोडा एका कॅफेच्या सिंकपाशी, आणि समुद्राच्या वाट्याला उरलेला वेळ आला.

आधी व्हिसाचं सांगते, कारण जास्त प्रश्न त्यावरच आहेत. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास ४६२) भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यात साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. जागा वर्षाला फक्त १,०००, म्हणून लॉटरी. नाव नोंदवायला २५ डॉलर लागतात, नंबर लागला तर व्हिसाची फी वेगळी. वर्षभर राहता येतं, काम करता येतं, पण एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांच्या वर नाही. माझं नाव निघालं तेव्हा भूगोलाच्या बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर चालू होतं. बाबा म्हणाले, "एम.एस्सी. कुठे पळून चाललंय?" आईचं म्हणणं, तिकडे जाऊन भांडीच घासायची असतील तर ती घरातही आहेत.

मी जास्त काळ राहिले ते गाव म्हणजे वूलगूल्गा. सिडनीपासून उत्तरेला साडेपाचशे किलोमीटरवर, कॉफ्स हार्बरच्या पुढे. ऑस्ट्रेलियातलं किनाऱ्याचं गाव म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, ते सगळं इथे आहे. शिवाय रस्त्याला लागून पांढराशुभ्र, घुमटांचा गुरुद्वारा आहे. पंजाबी शेतकरी इथे १९४० च्या दशकापासून केळी पिकवत आले. देशातला पहिला गुरुद्वारा याच गावात, १९६८ चा. आता केळी कमी झाली आणि डोंगरउतारांवर पांढऱ्या जाळ्यांखाली ब्लूबेरी आली. मी भाड्याने राहायचे त्या घरच्या आंटीजींनी पहिल्याच दिवशी जात, गाव, पगार आणि लग्न या चारही विषयांची चौकशी उरकली. रत्नागिरी सोडून आल्यासारखं वाटेना.

ब्लूबेरी तोडणं दिसायला सोपं. घोसातलं फळ सगळं एकदम पिकत नाही. पूर्ण निळं झालेलंच घ्यायचं. देठाजवळ लालसर कडा दिसली की ते राहू द्यायचं. ओढायचं नाही, अंगठ्याने हलकेच लोटून तळहातात पाडायचं, आणि तेही कमीत कमी हाताळून, कारण फळावर पांढरट पावडरीसारखा थर असतो तो पुसला गेला की भाव उतरतो. जुने कामगार दोन्ही हातांनी, गप्पा मारत, माझ्या दुप्पट बादल्या भरायचे. त्यांच्यात पॅसिफिकमधल्या व्हानुआतू बेटांवरून आलेली मंडळीही होती. ती दुपारी अशी सुरात गायची की ऐकत राहिलं तर आपली बादली रिकामीच.

पैसे बहुतेक ठिकाणी किलोवर मिळतात, पण २०२२ च्या एप्रिलपासून नियम असा आहे की कितीही कमी तोडलं तरी ठरलेल्या तासाच्या दराखाली देता येत नाही. २०२५ च्या जुलैत राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला त्यावर आणखी २५ टक्के. कागदावर छान. प्रत्यक्षात हात सावकाश चालणाऱ्याला काही कंत्राटदार "उद्या काम नाही" असा मेसेज टाकतात आणि तो "उद्या" संपतच नाही. मला असा मेसेज आला होता. म्हणून पे-स्लिप मागून घ्या, आणि रोखीत देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापला जातो, तोही हिशेबात धरा.

आता समुद्र. वूलगूल्ग्याच्या मुख्य किनाऱ्याला दक्षिणेकडून भूशिराची आड आहे, त्यामुळे लाट मवाळ होऊन येते. शिकायला बरी. सेकंडहँड आठ फुटी सॉफ्टबोर्ड, म्हणजे शिकाऊंचा फोमचा सर्फबोर्ड, घेतला. लाटा बघायच्या त्या पहाटे. शाळेत मतलई वारे पाठ केले होते, ते काय कामाचे हे इथे कळलं: सकाळी जमिनीकडून येणारा तो वारा लाटेचा चेहरा घासूनपुसून स्वच्छ ठेवतो. दुपारी वारा फिरला की त्याच पाण्याचा चिखल होतो. फोरकास्टमध्ये लाटेच्या उंचीपेक्षा आधी दोन लाटांमधले सेकंद बघायचे. अंतर मोठं तर लाट दुरून आलेली, अंगात जोर असलेली.

बोर्डवर उभं राहणं हा त्यातला अगदी छोटा भाग. बाकी सगळं पालथं पडून हात मारणं. छाती थोडी पुढे गेली की बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि आपण डोक्यावरून पलीकडे; मागे राहिलो तर लाट खालून निघून जाते. नजर पायांकडे गेली की पडलेच. माझ्या खांद्यांना हे कळायला सगळा हिवाळा लागला. तिथले एक सत्तरीतले आजोबा रोज पाण्यात असायचे. ते शिकवायचे काही नाहीत, फक्त योग्य लाट आली की "गो, गो!" ओरडायचे. एकदा तेच आजोबा माझ्यावर डाफरलेही, कारण त्यांच्या लाटेवर मी मधूनच चढले. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. बाकीच्यांनी थांबायचं. एसटीच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे जरा जड जातं.

आईचा फोनवरचा रोजचा प्रश्न शार्कचा. खरं भय रिपचं. लाटा दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मध्ये गडद, शांत पट्टा दिसतोय, तिथूनच पाणी परत समुद्रात ओढलं जात असतं, तीच रिप. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाटा नाहीत. ऑस्ट्रेलियात शार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं रिपमध्ये जातात. म्हणून लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, तरंगत राहून हात वर करायचा. गंमत म्हणजे बोर्डवाले त्याच रिपमध्ये बसून फुकटात लाटांच्या मागे पोचतात.

हंगाम संपल्यावर उत्तरेला निघाले. बायरन बेबद्दल फार लिहीत नाही. दीपगृहाचा परिसर सुंदर, देशाच्या मुख्य भूमीचं अगदी पूर्वेचं टोक, पण गावात कॉफीपासून पार्किंगपर्यंत सगळं महाग, आणि 'द पास'च्या लाटेवर इतकी गर्दी की मी नुसती बघत बसले.

मला धरून ठेवलं ते ट्वीड नदीने. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या सीमेजवळ ती समुद्राला मिळते. होड्यांच्या सोयीसाठी १९६० च्या दशकात मुखाचे दगडी बांध समुद्रात आणखी लांबवले. या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती बांधापाशी अडकली, आणि पलीकडे कूलंगाटा-किराची पुळण धुपू लागली. २००१ पासून दक्षिणेच्या जेटीखालची वाळू पंपाने ओढून, नदीखालून पाइप नेऊन पलीकडे सोडतात, वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर. त्या वाळूने स्नॅपर रॉक्सपासून किरापर्यंत सलग दांडा तयार झाला, आणि त्यावर जगभर नाव झालेली 'सुपरबँक'ची लाट. अशी लाट हवी म्हणून कुणी योजना आखली नव्हती. उलट किराची मूळ लाट पुढची काही वर्षं त्याच वाळूखाली गाडली गेली. मी सर्फिंग सोडून तिथे बराच वेळ जेटीखालचे पंपच बघत होते. रत्नागिरीत मिऱ्याचा बंधारा दर पावसाळ्यात खचताना, त्यावर नवे दगड आणि टेट्रापॉड पडताना पाहत मोठी झाले. वाळू कुठून येते आणि कुठे जाते हा प्रश्न आमच्याकडे चर्चेत फारसा येत नाही. एम.एस्सी.च्या प्रबंधाला हाच विषय घ्यायचा आहे.

फक्त सर्फिंगच शिकायचं असेल तर इतक्या लांब येऊ नका. कर्नाटकात मुल्की आहे, गोव्यात आश्वे आहे, पावसाळा टाळून जा. हातांनी काम करायची तयारी असेल, तरच हा व्हिसा.

परत आल्यावर प्रवेशासाठी गॅप अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र, लागलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने विचारलं, "कारण काय टाकू? आजारपण, घरगुती अडचण, की स्पर्धा परीक्षा?" मी म्हटलं, ऑस्ट्रेलियात शेतात काम करत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "स्पर्धा परीक्षाच टाकतो ताई, कुणी विचारत नाही." मी हटून बसले, तेव्हा "परदेशी वास्तव्य" असं टाइप झालं. विद्यापीठाच्या खिडकीवर ते कुणी वाचलं नाही. एक झेरॉक्स कमी होती, तेवढी मागितली.