झेलणाऱ्याचं नाव

समोरच्या अर्धवट इमारतीवर दुपारभर विटा चढत होत्या. खालचा बिगारी वीट वर भिरकावतो, परांचीवरचा ती बघितल्या न बघितल्यासारखी झेलतो आणि गवंड्याच्या हाताशी रचतो. ज्याला झेलता येत नाही त्याच्या तळव्यावर वीट आपटते. ज्याला येतं त्याच्या हातात ती येऊन बसते. वीट पोचायच्या क्षणी हात जरासे तिच्याबरोबर खाली जातात, एवढाच काय तो फरक.

हे दिसलं की झेलणारा म्हणून गाजलेला जेरी राइस आठवतो. अमेरिकन फुटबॉल आठवण्याची आपली वेळ खरं तर ही नव्हे. सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक खेळाचा अंतिम सामना, आपल्याकडे लागतो तो फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, पहाटे पाचला. पण राइसचे वडील गवंडी होते. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या लहानशा गावात पोरं उन्हाळ्यात वडिलांच्या हाताखाली कामाला जायची. भाऊ खालून विटा फेकत, जेरी वर उभा राहून झेलत असे. आपल्याकडची भाजकी वीट तीनेक किलोची असते, तिकडचीही फार हलकी नसणार. तिच्यापुढे फुटबॉल म्हणजे चारशे-सव्वाचारशे ग्रॅम, जेमतेम अकरा इंच लांब, आत साडेबारा ते साडेतेरा पौंड दाबाची हवा. कापूसच म्हणायचा.

कापूस असला तरी दोन्हीकडे निमुळता, आणि भिंगरीसारखा फिरत येणारा. क्रिकेटचा चेंडू झेलण्याची सवय इथे फारशी कामाला येत नाही. चेंडू छातीच्या वर येत असेल तर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून खिडकी करायची आणि चेंडूचं टोक त्या खिडकीत घ्यायचं. कमरेखाली येत असेल तर करंगळ्या जुळवून ओंजळ. छातीशी कवटाळून झेलायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच फसगत होते. जर्सीखाली कडक पॅड असतात, चेंडू त्यांवर आदळून उडतो आणि मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो. म्हणून हात पुढे, अंगापासून लांब. चेंडू बोटांत आला तरी डोळे त्याच्यावरून हलवायचे नाहीत, थेट काखेत दाबला जाईपर्यंत बघत राहायचं. सुटलेले बहुतेक सोपे झेल याच अर्ध्या सेकंदात सुटतात, कारण माणूस चेंडू हातात येण्याआधीच पुढे पळायची वाट शोधायला मान वर करतो.

एवढं झालं तरी पाय राहतातच. कॉलेजात एक पाय रेषेच्या आत टेकला तरी झेल धरतात, व्यावसायिक खेळात दोन्ही लागतात. 2009च्या अंतिम सामन्यात पिट्सबर्ग स्टीलर्सच्या सँटोनिओ होम्सच्या हातांतून डाव्या कोपऱ्यातला चेंडू निसटला. पुढचाच पास उजव्या कोपऱ्यात आला, भोवती ॲरिझोनाचे तिघे. होम्सचं सगळं अंग रेषेबाहेर कललेलं, हात आणखी बाहेर, फक्त दोन्ही पायांचे चवडे हिरवळीला चिकटलेले. 35 सेकंद उरली होती आणि स्टीलर्स 27-23 जिंकले.

होम्सला त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, हे विशेष. माझी जुनी कुरकुर आहे ती याच मानाबद्दल. 2025पर्यंतच्या 59 सुपर बोलमध्ये रिसीव्हरला, म्हणजे झेलणाऱ्याला, तो मान आठच वेळा मिळाला. निम्म्याहून अधिक वेळा तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे फेकणाऱ्याच्या घरी गेला. फेकणं सोपं आहे असं कोण म्हणेल? पण फेकणारा चुकला तर त्याला पुढचा पास असतो. झेलणाऱ्यातले कितीतरी जण अख्ख्या सामन्यात एका चेंडूचे धनी.

जॉन टेलरचंच घ्या. 22 जानेवारी 1989, मायामी. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स सिनसिनाटी बेंगल्सपेक्षा तीन गुणांनी मागे, शंभर यार्डांच्या मैदानात चेंडू स्वतःच्या आठ यार्डांवर, हातात सव्वातीन मिनिटं. म्हणजे 92 यार्ड जायचं. फेकणाऱ्या जो मोंटानाने तेवढ्यात आपल्या एका साथीदाराला प्रेक्षकांत बसलेला विनोदी नट जॉन कँडी दाखवला, ही गोष्ट अमेरिकेत अजून चवीने सांगतात. मोंटानाचं डोकं थंड होतं यात वाद नाही. चार सुपर बोलमध्ये 122 पास, 11 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात नाही. पण त्या दिवशीचा घाम राइसचा. घोटा दुखावलेला असताना 11 झेल, 215 यार्ड. वीस यार्ड हवे असताना सत्तावीस काढणारा झेलही त्याचाच. शेवटी 10 यार्ड उरले तेव्हा बेंगल्सच्या बचावफळीचा जीव राइसमध्ये अडकलेला, आणि मधून टेलर मोकळा सुटला. 34 सेकंद बाकी, 20-16. टेलरचा त्या सामन्यातला तो एकमेव झेल. मान मात्र राइसला मिळाला, म्हणजे त्या वर्षी निवडणाऱ्यांची नजर शाबूत होती.

विटा झेललेल्या या माणसाच्या हातूनही पहिल्या मोसमात पास सुटायचे आणि घरच्याच मैदानावर हुर्यो उडायची. मघाशी सांगितलेलं तेच, नजर आधीच पुढच्या वाटेवर.

हातांचाच विषय निघाला तर फ्रेड बिलेटनिकॉफला टाळून चालायचं नाही. 1977च्या जानेवारीत ओकलंड रेडर्सने मिनेसोटाला 32-14 हरवलं आणि चार झेल, 79 यार्ड, एकही टचडाउन नाही, एवढ्या भांडवलावर त्याने मान पटकावला. अंगाला तो स्टिकम नावाचा चिकट लेप फासायचा. फणस सोलताना तेलाचा हात न घेतला तर जशी बोटं होतात, तशी त्याची सामनाभर असत. 1981मध्ये लीगने तो लेप बंद केला. आता सगळे सिलिकॉनच्या तळव्याचे हातमोजे घालतात आणि ते चालतात. चिकटपणा तोच, फक्त कारखान्यातून आलेला.

मॅक्स मॅगीकडे ना लेप होता ना मोजे, स्वतःचं हेल्मेटही जवळ नव्हतं. पहिलावहिला सुपर बोल, 15 जानेवारी 1967, लॉस एंजेलिस. ग्रीन बे पॅकर्सचा हा चौतिशीतला राखीव गडी, अख्ख्या मोसमात त्याचे चार झेल. आपण कशाला खेळतोय म्हणून आदल्या रात्री संघाचा नियम मोडून बाहेर गेला, सकाळी उगवला. सुरुवातीलाच नेहमीचा रिसीव्हर बॉइड डाउलरचा खांदा गेला आणि प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींनी मॅगीला हाक मारली. हेल्मेट आतच राहिलं होतं, दुसऱ्याचं घालून तो मैदानात उतरला. मग त्याच्या पाठीमागे पडणारा चेंडू एका हाताने ओढून घेतला आणि 37 यार्डांचा टचडाउन केला. सुपर बोलच्या इतिहासातला पहिला. दिवसभरात 7 झेल, 138 यार्ड, दोन टचडाउन. मान बार्ट स्टारला, म्हणजे फेकणाऱ्याला!

डेव्हिड टायरीच्या बाबतीत तर हेल्मेटच झेलात सामील. फेब्रुवारी 2008, तोवर 18 पैकी 18 जिंकलेले पेट्रियट्स समोर. न्यूयॉर्क जायंट्सचा टायरी मुख्यतः किकच्या वेळी धावणारा, मोसमात चार झेल. सव्वा मिनिट उरलेलं. एली मॅनिंगची जर्सी दोघांनी धरलेली, तो कसाबसा सुटला आणि त्याने चेंडू उंच टाकला. टायरीने उडी मारून दोन हातांत घेतला, पेट्रियट्सच्या रॉडनी हॅरिसनने वरून हिसका दिला, डावा हात सुटला. उरलेल्या उजव्या हाताने त्याने चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला आणि तसाच पाठीवर पडला, चेंडू जमिनीपासून काही इंच वर. खिडकी नाही, ओंजळ नाही, वर लिहिलेलं सगळं शास्त्र खोटं. 32 यार्ड मिळाले, पुढे प्लॅक्सिको बरेसने टचडाउन केला, 17-14. व्यावसायिक कारकिर्दीत टायरीने त्यानंतर एकही पास झेलला नाही. मान एली मॅनिंगला.

पेट्रियट्सच्या माल्कम बटलरला या यादीत घ्यावं की नाही, यावर माझं मलाच पटत नाही. तो रिसीव्हर नव्हेच, कॉर्नरबॅक, झेल मोडणारा. पण 2015च्या सुपर बोलमधला सर्वांत मोठा झेल त्याचाच. आधी त्याच्या नाकासमोर सिॲटलचा कर्स पाठीवर पडल्यापडल्या, मांडीवरून उडालेला चेंडू धरून 33 यार्ड घेऊन गेला. मग मार्शॉन लिंच चार यार्ड पळाला. उरलं एक यार्ड. सिॲटलने दोन रिसीव्हर एकामागे एक उभे केले. पुढच्या कर्सने बचावपटूची वाट अडवायची, मागच्या लॉकेटने त्याच्या आडून आतल्या बाजूला घुसून पास घ्यायचा. पेट्रियट्सच्या सरावात बटलर याच डावाला फसला होता. आपल्याच साथीदाराला वळसा घालून मागून गेला आणि अर्धं पाऊल उशीर झाला. या वेळी ब्रँडन ब्राउनरने कर्सला जागेवरच दाबून धरलं, त्यामुळे वळसा घालायची गरज उरली नाही. मागे उभा असलेला बटलर लॉकेटकडे न जाता चेंडू जिथे येणार त्या जागेकडे सरळ रेषेत सुटला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, कुणी न घेतलेला, कधीकाळी पोपायज या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम केलेला पोरगा, आणि प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पळवण्याचं, म्हणजे इंटरसेप्शनचं, कारकिर्दीतलं हे पहिलंच यश. वीस सेकंद बाकी. मान फेकणाऱ्या टॉम ब्रेडीला, पण बक्षिसाचा ट्रक ब्रेडीने बटलरला देऊन टाकला. ब्रेडीला समजत होतं.

पण झेल म्हटला की लोक चित्रफीत लावतात ती लिन स्वॉनची. लहानपणी आईने त्याला नाचाच्या क्लासला घातलं होतं, आणि ते दिसतं. 18 जानेवारी 1976, मायामी, स्टीलर्स विरुद्ध डॅलस. डॅलसचा मार्क वॉशिंग्टन त्याला चिकटून पळतोय. दोघे उडतात, चेंडू बोटांना लागून उडतो, वॉशिंग्टन खाली पडतो, आणि त्याच्या अंगावरून पडता पडता स्वॉन तो हवेतल्या हवेत पुन्हा गोळा करतो. 53 यार्ड. या झेलातून स्टीलर्सला गुण किती मिळाले? शून्य. शेवटी किक मारणाऱ्या रॉय जेरेलाचा नेम चुकला, आणि त्याच्या बरगड्या पहिल्याच किकनंतरच्या टक्करीत दुखावलेल्या होत्या.

गुण मिळाले ते चौथ्या सत्रात. टेरी ब्रॅडशॉने 64 यार्डांचा पास टाकला, स्वॉनने धरला, टचडाउन, 21-17. चार झेल, 161 यार्ड, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान पहिल्यांदाच एका रिसीव्हरला. ब्रॅडशॉने तो झेल पाहिलाच नाही. चेंडू हातातून सुटतो न सुटतो तोच डोक्याला धडक बसून तो आडवा झाला होता. काय झालं ते त्याला ड्रेसिंग रूममध्ये सांगावं लागलं.

स्वॉन स्वतः दोन आठवड्यांपूर्वी ओकलंडविरुद्ध डोक्याला मार बसून दोन दिवस रुग्णालयात होता. सरावात त्याचे चेंडू सुटत होते. त्याच स्टीलर्समध्ये त्या वर्षी माइक वेबस्टर नावाचा तरुण सेंटर होता. सेंटर म्हणजे दर डावाला चेंडू मागे देऊन समोरच्या राक्षसाला डोक्याने भिडणारा. 2002मध्ये तो पन्नाशीत वारला. त्याच्या मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा या खेळातल्या माणसात सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, पहिल्यांदा सापडला. स्वॉनची ती फीत आता लावली की नजर आधी चेंडूकडे जात नाही.